कान नसलेला ‘हिअर’

८ जानेवारी

आज मी या वहीत एका अक्षराविरुद्ध रीतसर तक्रार नोंदवतो आहे. आरोपी: इंग्रजी शब्दाच्या शेवटी बसणारा मुका ‘ई’. याचा उद्योग काय, तर शेवटच्या खुर्चीवर टेकायचं, तोंडातून ब्र काढायचा नाही आणि आतल्या स्वराला मात्र धाकात ठेवायचं. के-आय-टी ‘किट’ बिचारं सुखाने नांदत असतं. हे महाशय मागे येऊन बसले की त्याचं ‘काइट’ होतं. एच-ओ-पी ‘हॉप’, म्हणजे उडी मार. ई टेकला की उडी राहते बाजूला, ‘होप’, म्हणजे आशा. आमच्या संस्कृतात लिहिलेलं अक्षर उच्चारावंच लागतं. पदावर आहात ना, मग काम करा. हा ई म्हणजे हिचे थोरले बंधू. जेवायला नुसते येऊन बसतात आणि घरातल्या सगळ्यांचे आवाज बदलतात.

हे दुखणं मागे लागलं ते असं. दुपारी मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, बोलावलं.

“सर, तुमचे संस्कृतचे तास निम्म्यावर आलेत.”

“बाई, मीठ चोळायचंच तर जरा बारीक तरी घ्या.”

“म्हणून इंग्रजी स्पेलिंगचा जादा वर्ग तुमच्याकडे देतेय. इंग्रजीच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर आहेत. पाच मुलं आहेत. मार्चच्या परीक्षेत पास झाली नाहीत तर याच इयत्तेत राहतील.”

“मी तर संस्कृतचा.”

“तुम्हाला व्याकरण येतं ना? झालं तर. आणि त्यातली एक मुलगी आधीच एकदा नापास झालीय. एका इयत्तेत दोनदा नापास झालेलं मूल आपण ठेवत नाही, नियम माहीत आहे तुम्हाला. तिची आई म्हणते, शाळेने काढली तर शिलाई मशीनवर बसवीन. तेवढं बघा.”

तेवढं! पन्नाशी उलटलेल्या माणसाला समुद्र पोहायला सांगायचा आणि वर म्हणायचं, तेवढं बघा.

१२ जानेवारी

वर्ग भरला. एक मुलगा अखंड बोलतो, त्याला मी ‘रेडिओ’ म्हणतो. एक मुलगी लिहिण्यापेक्षा खोडते जास्त, कागदाला भोक पडेपर्यंत, ती ‘रबर’. दोन भाऊ आहेत, त्यांच्या दोन वह्यांत मिळून एकच चूक असते, कारण एकच वही लिहिली जाते, दुसरी बघून. पाचवी ती, जिच्याबद्दल मोठ्या बाई बोलल्या. पहिल्या बाकावर, अगदी माझ्या नाकासमोर बसते आणि पापणी न लववता माझ्या तोंडाकडे बघत राहते. मला वाटायला लागलं की दाताला काही अडकलं आहे. आरशात पाहून आलो, काही नव्हतं. तिचं नाव ठेवलं ‘तपासनीस’.

आज दोन स्वरांची गाठ शिकवली. संस्कृतात दोन स्वर भेटले की सभ्य माणसांसारखा संधी करतात, दोघांचा मिळून तिसरा होतो. इंग्रजीत भेटले की पहिला आपलं नाव सांगतो आणि दुसरा गप्प. ‘बोट’मध्ये ओ बोलतो, ए गप्प. ‘रेन’मध्ये ए बोलतो, आय गप्प.

रेडिओ म्हणाला, “सर, आमच्या घरात दुसरा पण बोलतो.”

“ते इंग्रजीतही होतं. ‘ब्रेड’ बघ, ‘ग्रेट’ बघ. नियम मोडून बसलेत.”

“मग नियम कशाला?”

बिनतोड सवाल. जुने वैयाकरण हात टेकले की सूत्रात ‘बहुलम्’ असं लिहून मोकळे होत, म्हणजे कधी होतं, कधी नाही. पोरांना हा शब्द फार आवडला. आता स्पेलिंग चुकलं की ओरडतात, “बहुलम्, सर!” विद्येचा प्रसार होतो आहे.

श्रुतलेखन घेतलं. तपासनीस दहात दोन. मी ‘बॅट’ सांगितलं, तिने ‘मॅट’ लिहिलं. ‘पिन’चं ‘बिन’. डोळे माझ्यावर, चित्त भलतीकडे. अशी मुलं मी जन्मभर पाहिली आहेत.

१९ जानेवारी

आज अपमान झाला. फळ्याकडे वळून ‘ई-ए’चे शब्द लिहीत, बोलत होतो. मागे वळलो तर तपासनीस मान वाकडी करून माझ्या गालाच्या कडेने डोकावते आहे.

“काय गं?”

“सर, तुमच्या मिशीत शब्द अडकतात.”

वर्ग बाकांवरून खाली पडायचा राहिला. रेडिओने तर डबा वाजवला. ही मिशी माझ्या लग्नाहून जुनी आहे. खालचा ओठ सोडला तर तिने सगळं राज्य घेतलेलं आहे हे खरं. पण शाळेत तिच्याबद्दल आजवर कुणी चकार शब्द काढला नव्हता. मुलीला उभं केलं. ती उभी राहिली आणि पुन्हा तोंडाकडेच बघत राहिली. अशा नजरेला रागावता येत नाही, आणि मला ते फार गैरसोयीचं वाटलं.

घरी सांगितलं. हिने सहानुभूती दाखवायची सोडून विचारलं, “पोरगी पुढे शिकणार ना हो? हुशार दिसते.”

२३ जानेवारी

तपासनीसच्या आईला भेटायला गेलो. बाई एका शिलाईच्या कारखान्यात काम करतात आणि त्याच्याच मागच्या दोन खोल्यांत मायलेकी राहतात. एका लांबोळक्या खोलीत मशीन समोरासमोर दोन रांगांत लावलेली, सगळी एकदम चाललेली. आवाज असा की माझाच प्रश्न मला ऐकू येईना. मी घसा खरवडून ओरडत होतो आणि पलीकडच्या बाया हसत होत्या.

त्या मात्र एकमेकींशी आरामात गप्पा मारत होत्या. ओरडत नव्हत्या, आवाजच काढत नव्हत्या! ओठ हलायचे, भुवई वर जायची, समोरची हसायची. तपासनीस खोलीच्या दुसऱ्या टोकाला शर्टांना बटणं लावत होती. आईने इकडून नुसते ओठ हलवले. पोरगी उठली आणि थेट माझ्यासाठी खुर्ची घेऊन आली. मला त्यातलं एक अक्षर कळलं नव्हतं.

दाराबाहेर आलो तेव्हा मी म्हणालो, “काय तिखट कान आहेत हो तुमच्या मुलीचे!”

आई खूश झाली. “लहानपणापासून या मशिनींत वाढलीय ना सर. माझं एक अक्षर वाया जाऊ देत नाही. शाळेतच काय होतं कोण जाणे. अभ्यासातून लक्ष उडालं म्हणाल तर रोज वाचत बसते.” मग हळूच म्हणाल्या, “पुन्हा नापास झाली तर मी तिला इथेच बसवणार, सर. मला ते आवडत नाही. पण रिकामी कशी ठेवू?”

म्हणजे निदान स्पष्ट आहे. कान उत्तम, बुद्धी उत्तम, आळस अत्युत्तम. आता उपाय माझ्याकडे.

३० जानेवारी

उपाय सापडला, आणि तो अर्थात संस्कृतातला आहे. आमच्याकडे अक्षर शिकवताना ते तोंडात कुठे जन्मतं ते आधी सांगतात: कंठात, टाळूवर, दातांशी की ओठांवर. इंग्रजी स्वर तसेच शिकवायचे. ‘शिप’ला ओठ सैल, ‘शीप’ला दोन्ही कानांकडे ताणलेले. ‘पूल’ला ओठांचा चंबू. ‘कॅट’ला जबडा खाली, दंतवैद्याकडे उघडतो तसा. मुलांनी एकमेकांकडे तोंडं करून अशी काही वेडीवाकडी आरास मांडली की शेजारच्या वर्गातले गणिताचे सर काळजीने बघून गेले.

अडचण एकच. माझा वरचा ओठ प्रेक्षकांना दिसत नव्हता. शास्त्रासाठी मन घट्ट केलं आणि न्हाव्याकडे गेलो.

“किती काढू?”

“ओठ दिसेल इतकी.”

“साहेब, मग उरतं काय?” असं म्हणून त्याने माझ्याकडे विधुराकडे बघावं तसं पाहिलं.

हिने दार उघडलं, निरखलं आणि म्हणाली, “बघू. बरं दिसतंय की तोंड. जरा हसा.”

६ फेब्रुवारी

विजय! तपासनीस दहात आठ. ‘शिप’ आणि ‘शीप’ दोन्ही बरोबर, ‘फुल’ आणि ‘फूल’ बरोबर. उच्चारस्थानाच्या शास्त्रापुढे आळस टिकत नाही, हे मी मोठ्या बाईंना लिहून द्यायला तयार आहे.

एक डाग लागला. तास संपताना रेडिओने एक खेळ काढला: सरांनी पाठ फिरवून शब्द सांगायचा, आपण लिहायचा, जो आधी लिहील तो जिंकला. सगळे धावत होते. तपासनीसने पेन्सिल खाली ठेवली आणि शेजारच्या रबरच्या वहीकडे बघत बसली. हरायचं भय असलं की हुशार मुलं खेळतच नाहीत. मी तिला तसं बोललोही. तिने मान डोलावली.

१३ फेब्रुवारी

आजपासून समोच्चारी शब्द. म्हणजे कानाला एक, अर्थाला दोन, लिहायला दोन. ‘सी’ म्हणजे बघणं, ‘सी’ म्हणजे समुद्र. ‘सन’ म्हणजे सूर्य, ‘सन’ म्हणजे मुलगा. ‘फ्लावर’ आणि ‘फ्लावर’वरून वाद झाला, फूल आणि पीठ इंग्रज एकाच तोंडाने कसे म्हणतात हे रेडिओला पटेना. तो रडकुंडीला आला. “सर, ऐकून कळतच नाही तर लिहायचं कसं?”

“वाक्य बघायचं. अर्थ बघायचा. इथे कान उपयोगाचा नाही.”

आणि आश्चर्य म्हणजे यात तपासनीस सगळ्यांच्या पुढे. चुकेच ना. मी वाक्य म्हणायचा अवकाश, तिची पेन्सिल चालू. इतरांना जे संकट वाटत होतं ते तिला रोजच्या रस्त्यासारखं होतं.

मग ‘हिअर’ घेतला. फळ्यावर दोन्ही लिहिले. वर्गाकडे वळून म्हणालो, “एच-ई-ए-आर, हा ‘ऐकणं’. लक्षात कसा ठेवाल? त्याच्या पोटात बघा, ई-ए-आर, ‘इअर’, कान बसलाय. कान आहे तो ‘ऐकणं’. दुसरा, एच-ई-आर-ई, त्याला कान नाही. तो ‘इथे’.”

तपासनीस दोन्ही शब्दांकडे बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, “ज्याला कान नाही, तो पण इथे आहे.”

मी म्हणालो, “वा! सूत्र झालं.” सगळ्यांकडून दोनदा म्हणवून घेतलं.

संध्याकाळी जेवताना हिला मजेने सांगितलं. मिशीचं, खेळाचं, सूत्राचं, सगळंच पुन्हा. ही टेलिफोनवरच्या चौकशीच्या कामाला आहे. दिवसभर लोकांचे आवाज ऐकते. हसेल असं वाटलं होतं. हिने घास खाली ठेवला.

“अहो, त्या मुलीला ऐकू येत नाही.”

“काहीतरीच काय! कारखान्यात त्या आवाजात तिने आईचं—”

“आवाजात ना? मग तुम्हाला का नाही कळलं?”

मी आमटी वाढून घेतली.

“ज्याला ऐकू येतं तो ‘काय?’ असं विचारतो. माझ्या फोनवर ज्यांना काहीच ऐकू येत नाही ना, ते नुसते ‘हो हो’ म्हणतात. उद्या तिच्या मागे उभे राहा आणि हाक मारा.”

१४ फेब्रुवारी

मागे उभा राहिलो. हाक मारली. रेडिओने वळून पाहिलं, रबरने पाहिलं, दोघा भावांनी एकदमच पाहिलं. ती फळ्यावरचं उतरवत होती. दुसऱ्यांदा मोठ्याने मारली. मग तिला इतरांच्या माना वळलेल्या दिसल्या, तेव्हा तीही वळली आणि हसली, जणू पहिल्या हाकेलाच वळली होती.

आज काही विनोद सुचत नाही.

१५ फेब्रुवारी

कारखान्यात गेलो. आईने ऐकून घेतलं आणि त्या संतापल्या. “सर, तुम्हाला शिकवता येत नाही म्हणून माझ्या मुलीला बहिरी करू नका.” बोलल्या त्यात चूक काही नव्हती.

मी म्हटलं, “बाई, एकदाच. मशीन थांबवता?”

त्यांनी हात वर केला. एक एक मशीन थांबत गेलं. ती खोली गप्प झालेली त्या बायांनीही कधी पाहिली नसावी; सगळ्याजणी अवघडून बसल्या. तपासनीस पाठमोरी, मांडीवर शर्ट. तिला सगळं थांबलंय हे कळलंच नव्हतं. ती बटणाला टाके घालत होती.

आई मागे जाऊन उभी राहिली. “पिल्लू.”

सुई वर आली, खाली गेली.

“पिल्लू, ए पिल्लू.”

मग आवाज फुटला, “पिल्ले!” तेव्हा मुलीने जरासं डोकं उचललं, उजवीकडे बघितलं, जिथे कुणी नव्हतं. आई मागे, डाव्या बाजूला होती.

बराच वेळ कुणी मशीन सुरू केलं नाही. आई लेकीच्या समोर जाऊन खाली बसली आणि आवाज न काढता काहीतरी बोलली. मुलीने उत्तर दिलं, तेही तसंच. त्या दोघी काय बोलल्या ते मला कळलं नाही, आणि ते बरंच झालं.

१९ फेब्रुवारी

आरशासमोर उभा राहून बोलतो आहे. हिला वाटतं, मिशीचा शोक.

‘पॅट’, ‘बॅट’, ‘मॅट’. तिन्हीला ओठ मिटतात आणि उघडतात, तस्सेच. आरशातला माणूस तिन्ही वेळा एकच शब्द म्हणतो. आमच्या प-वर्गाला ओष्ठ्य म्हणतात हे मी जन्मभर शिकवलं. पण ते सगळे भाऊ जुळे आहेत हे आज पाहिलं. आपल्याला समोच्चारी शब्द म्हणजे परीक्षेपुरत्या पाच-पंचवीस जोड्या. तिला अर्धी भाषाच तशी. दिवसभर ती अर्थावरून शब्द ओळखत असते. मी ज्याला आळस म्हणत होतो ते काम मला एक तास झेपलं नसतं.

मोठ्या बाईंकडे गेलो. परीक्षेचं श्रुतलेखन भिंतीवरच्या कर्ण्यातून येतं, सगळ्या वर्गांना एकच आवाज. कर्ण्याला ओठ नाहीत.

“तिला मी समोर उभा राहून शब्द सांगतो.”

“सर, एकीला वेगळं केलं तर बाकीचे पालक मला सोलतील. सगळ्यांना सारखं हवं.”

“बाई, दोन शब्द ऐकायला सारखे आहेत म्हणून मी दोन्हीचं स्पेलिंग सारखं लिहिलं तर गुण द्याल?”

“तुमच्याशी वाद नको. संस्कृतवाले तुम्ही.” त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. “आवाज न काढता सांगाल? एकही आवाज नाही. म्हणजे तुम्ही मदत केलीत असं कुणी म्हणणार नाही. कर्णा जे बोलेल तेच, तेव्हाच.”

“आवाज काढून तिला उपयोगही नाही,” मी म्हणालो.

३ मार्च

मायलेकींबरोबर कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. डाव्या कानाला फार कमी, उजव्याला थोडं बरं. यंत्र मिळेल, मोजमाप घेतलं, पण परीक्षेआधी हातात येणार नाही. आईने विचारलं, “हे माझ्या मशिनींमुळे का?” डॉक्टर म्हणाले, नाही, जन्मापासूनचं दिसतं. आईने ते दोनदा सांगायला लावलं.

११ मार्च

परीक्षा. कर्णा खरखरला. मी पहिल्या बाकासमोर, हात मागे, तोंड उघडं. कर्णा बोलायचा आणि मी त्याच्याबरोबर मुका. मुक्या ‘ई’ला मी उगीच नावं ठेवली, न बोलता काम करणं किती अवघड आहे ते आज समजलं. एकदा ओघात माझा आवाज निघणार होता, जीभ चावली.

‘मेल’ आला. ओठांवर तो ‘पेल’ही होता आणि ‘बेल’ही. तपासनीस थांबली. मग कर्ण्याने वाक्य म्हटलं, त्यात टपाल घेऊन येणारा माणूस होता. तेच वाक्य मी नुसत्या ओठांनी म्हटलं. तिने लिहिलं, एम-ए-आय-एल, आणि वर पाहिलं. चल पुढे, असं तिची नजर मला सांगत होती.

मोठ्या बाई दाराशी उभ्या होत्या, दोन्ही कानांत बोटं घालून, माझ्या तोंडाकडे बघत. कर्णा फारच कर्कश आहे, त्यांनाही सोसवेना. बदलायला सांगितला पाहिजे.

२४ मार्च

निकाल. चौघं पास. धाकट्या भावाला पुन्हा बसावं लागेल. थोरल्याची वही या वेळी दूर होती. रेडिओ काठावर पास. तपासनीस चांगली पास, समोच्चारी शब्दांत पैकीच्या पैकी. आईने कारखान्यातल्या सगळ्या बायांना शाळेच्या फाटकाशी आणलं होतं. त्यांनी एकही आवाज न करता असा काही जल्लोष केला की शिपाई गोंधळून गेला.

यंत्रही आलं. उजव्या कानामागे, केसांत लपतं. ती आज सारखी वही बंद करून उघडत होती. मी विचारलं, काय करतेस? म्हणाली, “सर, कागद बोलतो.”

मला आनंद झाला आहे. तो लिहून ठेवतो, म्हणजे पुढचं लिहिलं तरी खोडला जाणार नाही.

जाताना मी सहज, तोंडासमोर निकालाचा कागद धरून तिला काही विचारलं. तिने मान डोलावली. मी कागद खाली केला आणि विचारलं, “मी काय म्हणालो?” ती लाजून हसली. तिला कळलं नव्हतं. यंत्र आहे, तरी सगळं येत नाही, आणि डॉक्टर म्हणाले आहेत की उजवा कानही पुढे हळूहळू कमी होऊ शकतो.

पुढच्या इयत्तेत तिला सहा शिक्षक आहेत. सहाही जणांना मी गाठणार आहे. मोठ्या बाई म्हणाल्या, त्याही सांगतील. ते ऐकतील. पण जूनमधलं सांगणं ऑगस्टमध्ये कोण लक्षात ठेवतो? कुणीतरी फळ्याकडे वळून बोलेल, मग विचारेल, समजलं का? आणि ती मान डोलावेल. ‘मला ऐकू आलं नाही’ हे वाक्य मी तिच्या तोंडून अजून एकदाही ऐकलेलं नाही. स्पेलिंग तिला आलं. हे वाक्य तिला कसं शिकवायचं ते मला माहीत नाही, आणि मला त्याची फार काळजी वाटते.